ऊस २६५ असो की ८६०३२, खताचा डोस कुणाला विचारून ठरवायचा?

पत्र : नमस्कार. मी वाळवा तालुक्यातली. मिस्टर नोकरीला असल्यामुळे दोन वर्षांपासून अडीच एकर ऊस मीच बघते. दीड एकरात को ८६०३२ जातीची आडसाली (जुलै-ऑगस्टची लागण) होती. गेल्या जूनमध्ये ती पिवळी दिसायला लागली म्हणून एकरी दोन पोती युरिया टाकला. ऊस काळाभोर झाला, पण ऑगस्टच्या पावसात सगळा लोळला. एकरी ५५ टन निघाला. तोड होऊन आठ दिवस झालेत, त्याच बुडख्यांवर खोडवा ठेवणार आहे. मामा म्हणतात वाळल्या पानांचं पाचट पेटवून दे. कालव्याकडच्या एकरात यंदा आडसालीला फुले २६५ ही जात लावायचा विचार आहे. शेजाऱ्यांना त्यातून ८० टन मिळतो. आमची ती जमीन चोपण, पाणी न निचरणारी आहे. दुकानदार म्हणतात, २६५ ला वेगळा डोस लागतो, आणि पाच बाटल्यांचं किट दाखवतात. मामा म्हणतात, ऊस तो ऊस, सगळ्याला खत एकच. जातीप्रमाणे खत खरंच बदलतं का? बदलत असेल तर किती?

उत्तर : ताई, तुमच्या मामांचं अर्धं बरोबर आहे आणि दुकानदाराचंही अर्धंच. किटचं मात्र काहीच बरोबर नाही.

एक टन ऊस तयार होताना पीक जमिनीतून साधारण दीड ते दोन किलो नत्र, अर्धा किलो स्फुरद आणि अडीच ते तीन किलो पालाश उचलतं. जमीन, हंगाम आणि पाणी बदललं की हे आकडे थोडे मागेपुढे होतात, पण क्रम बदलत नाही. सर्वांत जास्त पालाश, त्याखालोखाल नत्र आणि सर्वांत कमी स्फुरद. एका टनामागची ही भूक जातीजातीत फार वेगळी नसते. फरक पडतो तो टनेजने. तुमच्या ५५ टनांनी पालाशच दीड क्विंटलच्या आसपास उचललं असेल, शेजाऱ्यांच्या ८० टनांनी दोन क्विंटलच्या वर. वैरण म्हशीची जात बघून टाकत नाहीत, दूध बघून टाकतात. तसंच हे.

म्हणून आधी टनेज ठरवा. आपल्या रानात, आपल्या पाण्यावर खरोखर किती निघेल? शेजाऱ्यांचा आकडा डोळ्यासमोर ठेवून खत टाकलं आणि जमीन चोपण असली, तर ८० टनांचं खत घालून ४८ टन ऊस हाती येतो आणि उरलेलं खत पाटाच्या पाण्याबरोबर खाली जातं.

आता जातीचं. आडसालीसाठी महात्मा फुले कृषी विद्यापीठाची सर्वसाधारण शिफारस हेक्टरी ४०० किलो नत्र, १७० स्फुरद आणि १७० पालाश अशी आहे. पूर्वहंगामीला (ऑक्टोबर-नोव्हेंबरची लागण) ३४०, १७०, १७० आणि सुरूला (जानेवारी-फेब्रुवारीची लागण) २५०, ११५, ११५. यात एका जातीसाठी वेगळी सूचना आहे आणि ती २६५ साठी नाही, तुमच्या दीड एकरातल्या ८६०३२ साठी आहे! ही जात खताला चांगला प्रतिसाद देते, म्हणून तिला पाव हिस्सा जास्त खत द्यावं असं विद्यापीठ सांगतं. दुकानदारानं उलटंच सांगितलं. जात नवी आली की तिच्या नावाचा डोस आणि तिच्या नावाचं किटही दुकानात येतं, हे मी बरीच वर्षं बघतोय आणि त्यात शेतकऱ्याचा पैसा जातो याचं मला वाईट वाटतं.

मामांचंही समजून घ्या. त्यांचा हात को ७४० या जुन्या जातीवर बसलेला असणार. १९५६ मध्ये आलेली ती जात महाराष्ट्रात काही दशकं टिकली आणि तिच्यासाठी घरात ठरलेला डोस पुढं प्रत्येक जातीला तसाच चालत राहिला. ८६०३२ आली १९९६ मध्ये, २६५ आली २००७ मध्ये. तेव्हाची जमीन आणि आत्ताची जमीनही एक नाही. तेव्हा रानात शेणखत पडत होतं, उसानंतर दुसरं पीक येत होतं. आता उसावर ऊस.

जातीनं खरा बदलतो तो खत थांबवण्याचा काळ. कोसी ६७१ किंवा फुले १०००१ सारख्या लवकर पक्व होणाऱ्या, लवकर साखर भरणाऱ्या जातींना उशिरा नत्र दिलं तर साखरेचा उतारा पडतो, कारण ज्या वेळी पिकानं साखर साठवायची त्या वेळी ते पानं आणि पाणकोंब काढत बसतं. २६५ उशिरा पिकते, वाढ जोमदार असते, त्यामुळे तिला थोडा जास्त काळ मिळतो. पण मोठ्या भरणीनंतर, म्हणजे उसाच्या बुडाला माती चढवल्यानंतर, जमिनीतून नत्र द्यायचं नाही, हा नियम सगळ्याच जातींना लागू आहे. गुऱ्हाळाला ऊस देणाऱ्यांनी तर तो आणखी काटेकोर पाळावा. उशिराच्या युरियानं गूळ काळा आणि मऊ होतो, ठेवला की पाझरतो.

इथं तुमच्या जूनच्या दोन पोत्यांकडे यावं लागतं. दहा महिन्यांचा आडसाली ऊस पावसाच्या तोंडाला पिवळा पडला, तर तो बहुतेक वेळा नत्रासाठी पिवळा पडलेला नसतो. सरीत पाणी साचतं, मुळांना हवा मिळत नाही, मुळं काम थांबवतात. जमिनीत नत्र असतं पण उचलायला मुळं तयार नसतात. त्या वेळी एकच काम होतं, सरीतून पाणी काढून देणं. पाणी उतरलं, वाफसा आला आणि युरिया एकदम लागू पडला. ऊस काळाभोर झाला, शेंडा जड झाला, कांडी लुसलुशीत राहिली. ऑगस्टच्या वाऱ्या-पावसाला तो उभा राहणं कठीणच होतं. लोळलेल्या उसाला जमिनीवर मुळ्या सुटतात, डोळे फुटतात, उंदीर लागतात, वजन घटतं. ५५ टनांत याचा वाटा मोठा आहे. ८६०३२ ला दोष देऊ नका.

उसाची खत उचलण्याची रीत लक्षात ठेवलीत तर असा प्रसंग पुन्हा येणार नाही. पहिले सहा आठवडे रोप बहुतांश बेण्यातल्या साठ्यावर जगतं. मग फुटवे सुरू होतात आणि भूक वाढते. मोठ्या भरणीच्या सुमाराला उसाला कांडी सुटते, तेव्हा ती कळसाला असते. म्हणून नत्राची विभागणी अशी आहे: लागणीला १० टक्के, सहा ते आठ आठवड्यांनी ४०, बारा ते सोळा आठवड्यांनी १० आणि मोठ्या भरणीला ४०. स्फुरद आणि पालाश अर्धं लागणीला, अर्धं मोठ्या भरणीला. लागणीलाच युरियाची चार पोती ओतणारे शेतकरी मी दर हंगामात बघतो. ते नत्र कोंबाला नाही, तणाला मिळतं.

कालव्याकडचा एकर

२६५ ची निवड चांगली आहे. क्षारपड आणि चोपण जमिनीत ती इतर जातींपेक्षा तग धरते आणि म्हणूनच शिरोळ-मिरज-वाळवा पट्ट्यात ती पसरली. पण तग धरते म्हणजे चोपण जमीन तिला आवडते असं नाही.

लागण जुलै-ऑगस्टमध्ये. म्हणजे तुमच्याकडे सहा महिने आहेत, आणि या सहा महिन्यांत करायची कामं खतापेक्षा जास्त फळ देतील. आधी माती तपासा. दीड एकराचा आणि या एकराचा नमुना वेगळा घ्या, एकत्र करू नका. आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षरासारखा वीतभर खोल खड्डा घ्यायचा, त्याच्या कडेची दोन बोटं जाड माती वरपासून खालपर्यंत खरडायची, सगळी घमेल्यात मिसळायची, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकायचे, असं अर्धा किलो उरेपर्यंत. बांधाजवळ, पाटाजवळ, जुन्या उकिरड्याच्या जागी खड्डा घेऊ नका. खत टाकलेल्या सरीत तर नाहीच. प्रयोगशाळेला सांगा की सामू (पीएच), क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश याबरोबर चुनखडी आणि विनिमययुक्त (मातीच्या कणांना धरून बसलेला) सोडियमही बघा. शेवटचे दोन लोक विसरतात आणि चोपण जमिनीत तेच महत्त्वाचे असतात.

कारण जमीन नुसती खारवट असेल तर तिला निचरा आणि गोड्या पाण्याची धुलाई लागते, जिप्सम घालून उपयोग नाही. चोपण असेल, म्हणजे सोडियम जास्त, तर जिप्सम लागतं, पण निचऱ्याचा चर असल्याशिवाय तेही वाया जातं. सोडियम सुटला तरी तो वाहून जायला वाट हवी ना! आणि जमिनीत चुनखडी भरपूर असेल तर जिप्समऐवजी गंधक घालतात, ते त्या चुन्यातूनच जिप्सम तयार करतं. हे अहवालाशिवाय ठरवता येत नाही. चराचा खर्च एकटीनं झेपणार नसेल तर शेजाऱ्यांशी बोला. कालव्याकडेला पाणी त्यांच्याही रानात मुरत असणार.

मे महिन्यात पाणी असेल तर ताग किंवा धैंचा पेरा. चोपण जमिनीला धैंचा जास्त मानवतो. ४५-५० दिवसांनी फुलावर येताना गाडा. शेणखत एकरी आठ-दहा टन मिळालं तर उत्तम. नाही मिळालं तर निदान कुजलेलं कंपोस्ट सरीत टाका, रानभर फेकू नका.

आता पोत्यांचा हिशेब. हेक्टरी ४००:१७०:१७० म्हणजे एकरी १६०:६८:६८. युरियात ४६ टक्के नत्र, म्हणून सुमारे ३५० किलो, म्हणजे ४५ किलोची पावणेआठ पोती. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये १६ टक्के स्फुरद, म्हणजे ४२५ किलो, साडेआठ पोती. म्युरेट ऑफ पोटॅश ११३ किलो, सव्वादोन पोती. हे मध्यम जमिनीचं. अहवालात एखादं अन्नद्रव्य 'कमी' आलं तर त्याची मात्रा पाव हिस्सा वाढवा, 'भरपूर' आलं तर पाव हिस्सा कमी करा. नत्र तुमच्याकडे कमीच येईल, सेंद्रिय कर्बही. पालाश आपल्या काळ्या जमिनीत पूर्वी भरपूर यायचं. उसावर ऊस घेणाऱ्या रानांत ते आता गृहीत धरू नका.

स्फुरदासाठी डीएपी घेतलं तर तीन पोती पुरतात आणि त्यातून २७ किलो नत्रही मिळतं, तेवढा युरिया वजा करा. हे वजा करायचं राहून जातं. पण तुमच्या रानाला मी सिंगल सुपर सुचवेन. त्यात गंधक आणि कॅल्शियम दोन्ही असतं आणि चोपण जमिनीला दोन्हीची गरज आहे. शेणखतात मिसळून बेण्याखाली पट्ट्यात पडू द्या. वर विखुरलं तर चुन्यात अडकून बसतं. नत्राचा काही भाग अमोनियम सल्फेटमधून देता आला तर बघा. युरिया अशा जमिनीवर उघडा पडला की त्याचा अमोनिया होऊन हवेत जातो. क्षारता जास्त आली तर म्युरेटऐवजी सल्फेट ऑफ पोटॅश घ्यावं लागेल, कारण म्युरेटबरोबर क्लोराइडही जमिनीत जातं. ते महाग आहे, म्हणून अहवाल बघूनच.

आणि किटच्या पाच बाटल्या? त्या पैशात एकरी १० किलो फेरस सल्फेट, ८ किलो झिंक सल्फेट, ४ किलो मँगेनीज सल्फेट आणि २ किलो बोरॅक्स येतं. जे कमी असेल तेच घ्या. एकास दहा या प्रमाणात कुजलेल्या शेणखतात मिसळून पाच-सहा दिवस सावलीत ओलसर ठेवा आणि मग सरीत द्या. थेट टाकलं तर चुनखडीत लोह लवकर निकामी होतं.

लोहाची कमतरता ओळखायला शिका, कारण ती नत्राची समजून लोक युरिया टाकतात. नत्र कमी असेल तर आधी खालची, जुनी पानं फिकी पडतात. लोह कमी असेल तर शेंड्याची कोवळी पानं पिवळी-पांढरी होतात आणि शिरा हिरव्या राहतात, पानावर उभ्या रेघा ओढल्यासारख्या दिसतात. याला आपल्याकडे केवडा म्हणतात, खोडव्यात तो जास्त दिसतो. पालाशाचं तिसरंच आहे: जुन्या पानांचे शेंडे आणि कडा करपतात, आणि मधल्या शिरेच्या वरच्या बाजूला लालसर छटा येते. पान तोडून शीर उन्हात धरून बघा, कळतं.

लागणीआधी बेणं ॲसेटोबॅक्टर (हवेतलं नत्र मिळवून देणारे जिवाणू) आणि स्फुरद विरघळवणाऱ्या जिवाणूंच्या द्रावणात अर्धा तास बुडवा. १०० लिटर पाण्यात ॲसेटोबॅक्टर १० किलो आणि दुसरं सव्वा किलो, हे हेक्टरचं प्रमाण. यावर निम्मं नत्र आणि पाव हिस्सा स्फुरद वाचतं अशी शिफारस आहे. तुमच्या चोपण रानात मी पहिल्याच वर्षी निम्मं नत्र कमी करायला सांगणार नाही. पाव हिस्सा कमी करा, ऊस बघा, मग पुढच्या खेपेला ठरवू. बुरशीनाशकाची प्रक्रिया करणार असाल तर ती आधी, बेणं सुकल्यावर जिवाणूंची.

दीड एकर खोडवा

मामांना माझा नमस्कार सांगा आणि पाचट पेटवू नका. एकरात तीन-चार टन पाचट पडतं. त्यात नत्र अर्धा टक्का, पालाश पाऊण ते एक टक्का. म्हणजे पालाशच २५-३५ किलो, म्युरेटच्या एका पोत्याएवढं. काडी लावली की नत्र आणि गंधक धुरात जातं. पालाश राखेत उरतं, पण वाऱ्यानं आणि पहिल्या पाण्यानं बांधापार होतं. टनभर सेंद्रिय कर्बही जातो, आणि तुमच्या जमिनीत तोच संपत आलाय. पाचट सरीत दाबा, त्यावर एकरी ३२ किलो युरिया, ४० किलो सिंगल सुपर आणि चार किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाका. हा युरिया पाचट कुजवायला आहे, उसाच्या डोसात धरू नका. नाहीतर कुजताना पाचट जमिनीतलं नत्र ओढून घेतं आणि खोडवा पिवळा पडतो. मग लोक म्हणतात, पाचट ठेवून तोटा झाला.

खोडव्याचा डोस एकरी १००:४६:४६. ८६०३२ म्हणून पाव हिस्सा वाढवता येतो, पण यंदा वाढवू नका. पाचटाचं जमा धरा. म्हणजे एकरी युरिया २१७ किलो, सिंगल सुपर २८८, म्युरेट ७७. याचे दोन सारखे भाग करा. पहिला तोडीनंतर पंधरा दिवसांच्या आत, म्हणजे तुमच्याकडे आता एकच आठवडा आहे. दुसरा १३५ दिवसांनी, मेच्या सुमाराला.

द्यायची रीत पहारीची. बुडख्यापासून चार-सहा बोटांवर, वरंब्याच्या एका बाजूला, वीतभर खोल भोक पाडायचं, खतांचं मिश्रण मुठीनं टाकायचं आणि पायानं माती दाबायची. पुढचं भोक फूटभर अंतरावर. दुसऱ्या हप्त्याला समोरची बाजू. यात माणूस लागतो, मजुरी जाते, मला कल्पना आहे. पण वर फेकलेल्या युरियातलं निम्मंसुद्धा पिकाला मिळत नाही, आणि खोडव्याची जुनी मुळं खत आपणहून शोधत फिरत नाहीत. मजूर मिळत नसेल तर पहिला हप्ता तरी पहारीनं द्या. वाफसा असताना, पाणी देऊन दोन-तीन दिवसांनी. ओल्या चिखलात भोक बुजतं आणि खत वरच राहतं.

दीड एकर एका दिवसात होणार नाही, दोन दिवस धरा. युरिया आणि सिंगल सुपर आदल्या रात्री मिसळून ठेवू नका, पाणी सुटून लगदा होतो. लागेल तेवढंच घमेल्यात कालवा.

ठिबकचा तुम्ही उल्लेख केला नाही. पुढे घेतलंत तर विद्राव्य खतं आठवड्याच्या हप्त्यानं देता येतील आणि शिफारशीच्या ८० टक्क्यांत काम भागेल. चोपण एकराला ते विशेष उपयोगी, कारण पाणीही मोजूनच पडतं.

दोन्ही नमुन्यांचे अहवाल आले की सामू, क्षारता, चुनखडी, सोडियम आणि पालाश एवढे पाच आकडे पाठवा. कालव्याकडच्या एकराला जिप्सम की गंधक, आणि किती, ते त्यावर सांगतो. मेच्या आत पाठवलेत तर धैंचा गाडताना ते जमिनीत मिसळता येईल.